गेंड्या की सोंड्या? अळीचे पाय बघा

माडाच्या भुंग्यांवरच्या माझ्या लेखावर आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'गेंड्या भुंग्याची अळी जिवंत माड खात नाही' या माझ्या वाक्याने बागायतदारांची दिशाभूल होते, असं तुमचं म्हणणं. तुमच्या पडलेल्या माडाच्या खोडात तुम्ही स्वतः जाडजूड पांढऱ्या अळ्या पाहिल्यात. शिवाय गेंड्या आणि सोंड्या हे दोन्ही भुंगे माडालाच लागतात, मग फरक सांगत कशाला बसायचं, असंही तुम्ही विचारलंत.

अळ्या तुम्ही पाहिल्यात यात शंकाच नाही. पण त्या माड पडण्याआधीच्या की नंतरच्या? गेंड्याची अळी अर्धगोल वाकलेली असते आणि तिला पायांच्या तीन जोड्या असतात. ती कुजकं खाते. शेणखताचा खड्डा, उकिरडा, आणि मेलेल्या माडाचं कुजणारं खोडसुद्धा. सोंड्याच्या अळीला पायच नसतात. ती जिवंत माडाच्या आतच जन्मते, गाभा खात वाढते आणि तिथेच माडाच्या धाग्यांचा कोश करते.

गेंड्या माडावर येतो तो भुंगा झाल्यावर. रात्री उडत येतो, शेंड्यात शिरतो, न उलगडलेला कोंब पोखरून रस पितो. पुढे ती झावळी उघडली की कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात. सोंड्याचं तसं नाही. खोडावरच्या भोकातून तांबूस चिकट पाणी गळताना दिसतं, तोवर आतून बरंच पोखरून झालेलं असतं. म्हणून मी फरकावर अडून बसतो. गेंड्याच्या अळ्या खताच्या खड्ड्यात मारता येतात. खत उलथून त्या वेचायच्या, अळ्यांना रोग लावून मारणारी मेटारायझियम बुरशी मिसळायची. सोंड्यासाठी खड्डा कितीही उपसलात तरी हाती काही लागणार नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या लेखात राहून गेली, आणि ती चूक मोठी आहे. सोंड्याची मादी अंडी घालायला माडाची जखम शोधते. गेंड्याने शेंड्यात पाडलेलं भोक, चढण्यासाठी खोडाला घातलेल्या खाचा, हिरवी झावळी ओढून काढल्याची जागा, सगळं तिला चालतं. म्हणजे गेंड्याकडे दुर्लक्ष केलं की सोंड्याला वाट मोकळी. हे मी पहिल्याच परिच्छेदात लिहायला हवं होतं. लेखात आज ही भर घालतो.

ते पडलेलं खोड अजून बागेत असेल तर फोडून बघा, अळीला पाय आहेत का ते पाहा. पाय असोत वा नसोत, खोड तिथे ठेवू नका, तुकडे करून जाळून टाका. त्यातून निघणारे भुंगे शेजारच्या उभ्या माडांवरच जातील.