तिसऱ्या तासाला पडणारं बीपी आणि सकाळची गोळी

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. राग रास्त आहे. 'डायलिसिसच्या दिवशीही बीपीच्या गोळ्या नेहमीच्या वेळी घ्याव्यात' असं मी सरसकट लिहून मोकळा झालो, आणि तिकडे तुमच्या वडिलांचं बीपी तिसऱ्या तासाला 90च्या खाली जातं, पायात गोळे येतात, सलाईन सोडावं लागतं. 'पुस्तकी सल्ले देऊ नका, आमच्याकडे सगळ्यांनाच सकाळची गोळी बंद करायला सांगतात,' असं तुम्ही सुनावलंत. ते वाक्य मी बदललं आहे. पण 'सगळ्यांनाच बंद' हेही मला पटत नाही.

वडील सकाळी अम्लोडिपिन आणि मेटोप्रोलॉल घेतात, असं तुम्ही लिहिलंय. अम्लोडिपिन रक्तात निम्म्यावर यायलाच 30 ते 50 तास लागतात, आणि मशीन ते काढूनही टाकत नाही. म्हणजे आजची गोळी चुकवली तरी कालची, परवाची अंगात आहेच. मेटोप्रोलॉलचं उलट, ते डायलिसिसमध्ये बरंचसं धुऊन जातं. म्हणून ते मशीनवरून उतरल्यावर घेण्यात अर्थ आहे. डॉक्टरांना तसं विचारा. मात्र ते हृदयासाठी दिलेलं असेल तर परस्पर बंद करू नका. कुणाला क्लोनिडिन हे बीपीचं औषध चालू असेल तर त्याचे डोस चुकवणं आणखी वाईट, बीपी एकदम उसळतं.

पण माझी खरी चूक वेगळीच आहे, आणि ती तुम्ही दाखवली नाहीत. गोळ्यांबद्दल मी पानभर लिहिलं, पाण्याबद्दल दोन ओळी.

तुम्ही दिलेले आकडे घेऊ. कोरडं वजन (जास्तीचं पाणी काढून झाल्यावर उरायला हवं ते वजन) 58 किलो, दोन डायलिसिसमधली वाढ साडेतीन किलो, वेळ चार तास. म्हणजे तासाला 875 मिली, दर किलोमागे तासाला 15 मिली. 13च्या वर गेलं की हृदयावर ताण वाढतो, असं साधारण मानतात. रक्तातून पाणी इतक्या वेगाने ओढलं आणि ऊतींमधलं पाणी तेवढ्या वेगाने रक्तात परतलं नाही, तर बीपी पडणारच, गोळी घेतलेली असो वा नसो. तेच साडेतीन लिटर पाच तासांत काढलं तर हा आकडा 12वर येतो. वाढच कमी हवी असेल तर मीठ कमी करावं लागतं. नुसतं 'पाणी कमी प्या' सांगून भागत नाही, खारट खाल्लेल्या माणसाला तहान आवरत नाही.

आणि यात एक चक्र आहे. बीपी पडलं की सलाईन देतात, पाणी काढणं थांबवतात. जे पाणी काढायला माणूस मशीनवर आला, तेच अंगात राहतं. मग घरी बीपी चढतं, एक गोळी वाढते, आणि पुढच्या खेपेला बीपी आणखी लवकर पडतं. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या, 150 रुग्णांच्या एका चाचणीत गोळ्या न वाढवता कोरडं वजन हळूहळू सुमारे एक किलोने खाली आणलं, तर ज्यांचं वजन तसं उतरवलं नव्हतं त्यांच्यापेक्षा आठ आठवड्यांत वरचं बीपी साधारण 7ने जास्त उतरलं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत 'कुठली गोळी बंद करू'च्या आधी 'कोरडं वजन शेवटचं कधी तपासलं' हे मी विचारलं असतं. ते 58 खरंच बरोबर आहे का? भूक सुधारून अंगावर मांस चढलं असेल तर ते वाढवायला हवं, कारण मग मशीन जरुरीपेक्षा जास्त ओढतंय. पाय सुजत असतील, रात्री आडवं झाल्यावर दम लागत असेल तर नेमकं उलट.

तुम्ही सांगितलेलं वडिलांचं 170 बीपी हे मशीनला लावण्याआधीचं आहे, तेव्हा अंगात सगळ्यात जास्त पाणी असतं. त्यावर गोळ्या ठरवू नयेत. डायलिसिस नसलेल्या दिवशी सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून घरी मोजा, वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. पट्टा फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) नसलेल्या हातालाच बांधा.