साक्षीदाराला बसायला खुर्ची द्या

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, सुरू झालं आणि साताऱ्याच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवाळी साजरी झाली. कित्येक वर्षांच्या आंदोलनानंतर सहा जिल्ह्यांची मुंबईची खेप वाचली, आनंद व्हायलाच हवा. तेव्हापासून ग्रुपवर कोर्टाचा विषय निघाला की तीच चर्चा रंगते: न्यायाधीश वाढवा, सुट्ट्या कमी करा, निकालाला मुदत घाला. देशभरात पाच कोटींच्या आसपास खटले तुंबलेले असताना या मागण्या रास्तच आहेत. पण या सगळ्या बोलण्यात एक माणूस कुठेच नसतो. ज्याच्या शब्दावर फौजदारी खटला उभा राहतो किंवा कोसळतो, तो साक्षीदार.

मी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये, लेस्टरला राहते. पासपोर्ट अजून भारताचाच आहे, तरी मला इथल्या क्राउन कोर्टात, म्हणजे गंभीर फौजदारी खटले चालतात त्या कोर्टात, ज्युरी म्हणून बसण्याचं समन्स आलं. आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारी बारा सामान्य माणसं म्हणजे ज्युरी. राष्ट्रकुलातल्या देशांचे इथे राहणारे नागरिक मतदार यादीत येतात आणि ज्युरीची नावं त्याच यादीतून काढली जातात. वय १८ ते ७५ आणि वयाच्या तेराव्या वर्षानंतर किमान पाच वर्षं इथलं वास्तव्य, एवढं पुरतं. कायद्याची पदवी लागत नाही, ब्रिटिश नागरिकत्वही लागत नाही.

ज्युरीच्या खोलीत काय बोलणं झालं ते बाहेर सांगायला कायद्याने जन्मभर बंदी आहे, ती मी पाळणारच. उघड्या कोर्टात जे घडलं तेवढंच लिहिते. कारकुनाने आमची एकेकाची नावं पुकारली. शपथ देण्याआधी आरोपीला हरकत घ्यायची संधी होती. शपथेसाठी मला गीता दिली. जजसाहेबांनी सुरुवातीलाच बजावलं की या खटल्याबद्दल इंटरनेटवर काहीही शोधायचं नाही, शोधलंत तर तो गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास आहे. शेवटी आमच्या हातात प्रश्नांचा लेखी कागद दिला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ अशी तुमची खात्री असेल तरच दुसऱ्याकडे वळा, नसेल तर आरोपी निर्दोष. बारा सामान्य माणसांना न्याय करायला बसवायचं तर त्यांचा हात असा धरावा लागतो.

मला सगळ्यात जास्त लक्षात राहिल्या त्या एक साक्षीदार, वयस्कर बाई. उलटतपासणीत वकिलाने प्रश्नावर प्रश्न टाकले तशा त्या गांगरल्या. जजनी वकिलाला मध्येच थांबवलं आणि एका वेळी एकच प्रश्न विचारायला सांगितलं. बाईंना बसून बोलायची मुभा दिली, पाणी आणवलं. जरा शांत झाल्यावर त्या म्हणाल्या, चेहरा मी पाहिला नाही, आवाज ओळखला. त्या एका वाक्याने आदल्या दिवशी ऐकलेल्या हकिकतीचं वजन बदललं. धाकात ठेवलेल्या बाईने कदाचित “हो, हाच तो” म्हणून सुटका करून घेतली असती.

माझी शेजारीण ‘विटनेस सर्व्हिस’ या संस्थेत स्वयंसेवक आहे. साक्षीच्या आधी साक्षीदाराला रिकामं कोर्ट दाखवायचं, कोण कुठे बसतं ते सांगायचं, आरोपीच्या माणसांशी गाठ पडणार नाही अशा वेगळ्या खोलीत सोबत बसायचं, हे तिचं काम. घाबरलेल्या साक्षीदाराला पडद्याआडून किंवा व्हिडिओवरून साक्ष देता येते. लहान मूल असेल तर जज आणि वकील डोक्यावरचा विग आणि अंगावरचा झगासुद्धा उतरवतात. १९९९ च्या कायद्यातच तशी सोय आहे.

आता आमच्या अण्णांची गोष्ट. गावातल्या एका चोरीच्या तपासात पोलिसांनी त्यांना पंच म्हणून बोलावलं, त्यांनी पंचनाम्यावर सही केली. काही वर्षांनी समन्स आलं. तालुक्याच्या कोर्टात सकाळी जायचं, व्हरांड्यात उभं राहायचं, पुकारा कधी होईल म्हणून चहालाही हलायचं नाही. दुपारी कळायचं की वकील आले नाहीत किंवा साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख. त्याच व्हरांड्यात आरोपीचे भाऊ उभे असायचे आणि एकदा त्यांनी अण्णांना “पोरी कुठल्या कॉलेजात आहेत हो?” असं अगदी गोड आवाजात विचारलं. अण्णांनी शेवटी खरी साक्ष दिली. पण घरी आल्यावर आईला म्हणाले, “परत कुणी पंचनाम्याला बोलवायला आलं तर मी घरात नाही म्हणून सांग.” शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण अशाच व्हरांड्यांतून आली आहे.

ही कोणा एकाची तक्रार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एका निकालात हेच वर्णन केलं होतं: साक्षीदाराला शिपाई कोर्टाबाहेर ढकलतो, त्याला बसायला जागा नसते, प्यायला पाणी नसतं, दिवसभर थांबून हाती फक्त तारीख पडते. कायद्यातही कमतरता नाही. साक्षीदार हजर असेल तर विशेष कारण लेखी नोंदवल्याशिवाय साक्ष न घेता तहकुबी देऊ नये, हे १९७३ च्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेतही आहे. साक्षीदाराला भत्ता द्यायची तरतूद आहे. २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना सर्वोच्च न्यायालयाने देशभर लागू केली. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात २०२२ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यात लहान मुलं, अत्याचारपीडित अशा असुरक्षित साक्षीदारांसाठी साक्ष केंद्रं उभारायला त्याच न्यायालयाने सांगितलं. एवढं असूनही ‘साक्षीदार फितूर’ अशी बातमी वाचली की आपण त्या साक्षीदारालाच शिव्या घालतो.

इंग्लंडमध्ये सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. क्राउन कोर्टात पंचाहत्तर हजारांहून जास्त खटले पडून आहेत, दोन-तीन वर्षांनंतरच्या तारखा मिळतात, आणि त्यावर उपाय म्हणून कमी शिक्षेच्या खटल्यांतून ज्युरी काढायचा सरकारचा विचार आहे. तो मला पटत नाही. आपल्याकडे ज्युरी परत आणा, असंही मी म्हणणार नाही. १९०८ मध्ये टिळकांना दोषी ठरवणाऱ्या ज्युरीत नऊपैकी सात युरोपीय होते आणि निकाल सात विरुद्ध दोन लागला. १९५९ मध्ये खुनाच्या खटल्यात नौदल अधिकारी नानावटींना ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं, ते सत्र न्यायाधीशांना मान्य झालं नाही आणि उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. १९७३ च्या संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. तो विषय संपला. पण त्यानंतर सामान्य माणूस फौजदारी कोर्टात निःपक्ष म्हणून येतो तो साक्षीदार किंवा पंच म्हणूनच, आणि त्यालाच आपण व्हरांड्यात उभं केलं.

त्याचे परिणाम दिसतात. सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूर प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला, तेव्हा मिठाई वाटली गेली. आमच्या ग्रुपवरही टाळ्यांचा पाऊस पडला. त्यात अण्णाही होते, याचं मला फार वाईट वाटलं. ते क्रूर नाहीत. कोर्टात काही होत नाही, हे त्यांना स्वतःच्या पायांनी कळलेलं आहे.

म्हणून माझं सर्किट बेंच आणणाऱ्या वकील संघटनांना कळकळीचं सांगणं आहे. त्याच चिकाटीने आता खालच्या कोर्टांसाठी भांडा. प्रत्येक तालुका कोर्टात साक्षीदारांसाठी आरोपीपक्षापासून वेगळी खोली हवी, तिथे पंखा, पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह हवं. भत्ता त्याच दिवशी हातात पडावा. तारीख चालणार नसेल तर आदल्या संध्याकाळी मोबाइलवर निरोप जावा. आणि हजर साक्षीदाराला परत पाठवण्यासाठी तहकुबीचा अर्ज आला, तर तुमच्यातल्याच एखाद्याने उभं राहून त्याला हरकत घ्यावी.