सांगलीजवळच्या कवलापूरच्या विमानतळाच्या माळावर प्लॉट पाडायच्या आधी हे वाचा

गेल्या उन्हाळ्यात लेकीकडं लंडनला दोन महिने राहून आलो. ती राहते कॉलिंडेलला, ट्यूबच्या, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेच्या, नॉर्दर्न लाइनवर. पहिल्याच आठवड्यात जावई म्हणाले, पप्पा, तुम्ही सकाळी फिरायला जाता ना, ती सगळी जुनी धावपट्टी आहे. मी म्हटलं, चेष्टा करताय काय? तर नाही, खरंच हेंडन विमानतळ होता तिथं.

क्लॉड ग्रॅहम-व्हाइट नावाच्या वैमानिकानं तो उभा केला आणि ब्रिटनमधली पहिली सरकारी विमान टपाल सेवा ९ सप्टेंबर १९११ ला तिथूनच विंडसरला गेली. पहिल्या महायुद्धात लष्करानं ताबा घेतला आणि पुढं १९२० च्या दशकात सरकारनं जागा विकतच घेतली. हवाई दलाच्या कसरती बघायला तिथं जत्रेसारखी गर्दी व्हायची म्हणे. पण १९२४ ला कॉलिंडेल स्टेशन झालं, मागनं घरं आली, आणि घरांनी धावपट्टीला असं काही घेरलं की मोठी विमानं उतरायची कुठं? शेवटी १९५० च्या दशकात उड्डाणं बंदच पडली. म्हणजे आधी विमानतळ, मागनं वस्ती, आणि वस्तीनंच विमानतळ खाल्ला.

आता मुद्द्याचं. त्या रिकाम्या धावपट्टीवर १९७० च्या दशकात ग्रॅहम पार्क ही सरकारी वसाहत झाली, सतराशेच्या वर घरं. कुठल्या एजंटानं पाडलेले प्लॉट नव्हते हो, रीतसर आर्किटेक्ट लावून केलेलं काम. तरी फसलं. का, तर सगळी घरं आतल्या बाजूला तोंड करून, मधे पायवाटा आणि बोळ, आणि बाहेरच्या रस्त्यांशी नीट जोडच नाही. मी त्यातल्या जुन्या भागात चालत गेलो तर एका बोळातून शिरलो आणि फिरून त्याच जिन्यापाशी आलो, तेपण दोनदा!! दुसऱ्यांदा खिडकीतली बाई हसली. तीस-चाळीस वर्षांतच ती पाडून नव्यानं बांधायचं काम चालू झालं, रस्ते परत बाहेर जोडतायत.

हे सगळं बघताना डोक्यात आपलं कवलापूर होतं. तासगाव रोडला सुमारे १६० एकरांचा तो विमानतळाचा माळ, जिथं बाबांनी मला लुना शिकवली. (ब्रेक सापडला नाही, बाभळीत गेलो.) आपल्या माळाला लष्कराचा इतिहास नाही, मान्य, पण प्रश्न तोच आहे, विमान येत नाही तोवर जागेचं काय? आणि महापुरानंतर या जागेकडं लोकांचा डोळा का आहे हे सांगायला नको. २०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. ज्यांच्या घरात तेव्हा गाळ शिरला ते उंचावरची जागा शोधणारच, त्यात चूक काय?

पण आपली सवय माहितीये ना, गुंठेवारी, म्हणजे गुंठ्या-गुंठ्यानं जमीन तोडून विकायची. आधी प्लॉट, मग घर, मग लाइट, आणि गटर नातवाच्या लग्नापर्यंत. माझी मावशी सांगलीच्या शामरावनगरात राहते, पावसाळ्यात तिच्याकडं जायचं तर चपला हातात घेऊन. तिथं सगळ्यांनी घरं मनापासून बांधलीत, काहींची तर दोन मजली मार्बलची, पण पाणी जायला वाट कुणी ठेवली नाही कारण प्रत्येकानं आपल्यापुरता गुंठा बघितला.

म्हणून माझं मत सरळ आहे, पटो न पटो. विमान येणार असेल तर येऊ दे, आनंदच आहे. पण नाहीच आलं तर ती जागा तुकड्यानं विकायची नाही. सांगलीजवळ एवढी एकसलग, एका मालकीची, पुराच्या पाण्यापासून लांबची जागा परत मिळायची नाही. घरं करायचीच तर आधी तासगाव रोड, माधवनगर, कुपवाडकडं जाणारे रस्ते आणि ओढ्याला मिळणारं गटर नकाशावर काढा, तो नकाशा कवलापूरच्या चावडीवर महिनाभर लावा, मग विटा आणा. आणि गावकऱ्यांनाही विचारा की, राव! संक्रांतीला अख्ख्या सांगलीला गाजरं तेच पुरवतात, त्या शेतांच्या बांधावरनं तुमच्या वसाहतीचं सांडपाणी जाणार आहे.

कमेंटमध्ये ‘काका, लंडन कुठं आणि कवलापूर कुठं’ असं लिहिणाऱ्यांनी आधी एकदा जुलैमध्ये मावशीकडं चहाला यावं. पत्ता देतो, चपला तुमच्या तुम्ही आणा.