सतरा किलोमीटरचा आग्रह

पायी वारीला निघालेल्या माणसाला जो तो पायांची काळजी घ्यायला सांगतो. नवे बूट घालू नका, बोटांमध्ये खोबरेल तेल लावा, मोजे ओले झाले की बदला. पोटाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. खामगाव ते शेगाव या वाटेवर खरा प्रश्न पोटाचा आहे, हे मला पहिल्या दोन किलोमीटरमध्येच कळून चुकलं.

गजानन महाराजांची पालखी शेगावहून पंढरपूरला जायला ३३ दिवस घेते. सोबत ७०० च्या आसपास वारकरी, खांद्यावर पताका, हातात टाळ, पाऊस येवो की ऊन, रांग मोडत नाही. तीच मंडळी चालतच परत येतात. श्रावणाच्या सुमाराला पालखी खामगावला शेवटचा मुक्काम करते आणि उरलेले १७ किलोमीटर तिच्यासोबत चालायला अख्खं वऱ्हाड रस्त्यावर उतरतं. दोन महिने चालून आलेले वारकरी मुकाट्याने पुढे जात असतात. स्पोर्ट्स शूज, कमरेला पट्टा, मोबाईलमध्ये पावलं मोजणारं ॲप, असा सगळा जामानिमा आम्हा एका दिवसाच्या भक्तांचा.

त्यातून मी खामगावचा जावई. ही गोष्ट गर्दीत सहज दडली असती, पण बरोबर माझे मामेसासरे होते. त्यांना सगळा तालुका मामाजी म्हणतो आणि ते सगळ्या तालुक्याशी बोलतात. गावाबाहेर पडतो न पडतो तोच पोह्यांचा पहिला मंडप लागला.

"हे आमचे जवाई. पुन्याचे. पायी चालून रायले."

पळी थांबली. माझ्याकडे एक दयेचा कटाक्ष आला आणि प्लेटमध्ये दुसरी पळी पडली.

पुढच्या मंडपात उपमा होता, त्याच्या पुढे शिरा, मग मसालेभात. मंडप एकमेकांना इतके खेटून होते की एका ठिकाणची प्लेट रिकामी व्हायच्या आत दुसऱ्या ठिकाणचा वाढपी पोचायचा. उपम्यावर शिरा आला, शिऱ्यावर भात. मी मामाजींना म्हटलं, अहो, हे सगळं एकत्र झालं.

"मंग? महाराजांनी काय केलं होतं?"

यावर बोलायची सोय नाही. २३ फेब्रुवारी १८७८ ला महाराज शेगावात पहिल्यांदा दिसले ते देविदास पातुरकरांच्या घरापुढे, उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. बंकटलालने ते बघून भरलं पान आणवलं, तर त्यांनी सगळे पदार्थ एकत्र कालवून खाल्ले. ज्या गावची ओळखच अशी सुरू होते, त्या गावच्या रस्त्यावर प्लेट बाजूला सारणार कोण? मी कालवलं. शिऱ्यातली मोहरी तितकी वाईट लागत नाही.

मग मी डोकं चालवलं. पुढच्या मंडपात हात जोडून सांगितलं, "उपास आहे."

एवढा आनंद मी आजवर कुणाला दिला नसेल. "उपास हाय? मंग इकडं या न जी!" म्हणत एका काकांनी मला दंडाला धरून मागच्या बाजूला नेलं. तिथे उपासवाल्यांचा स्वतंत्र विभाग होता आणि सकाळपासून गिऱ्हाईक कमी असल्यामुळे तिथली मंडळी हिरमुसून बसली होती. साबुदाण्याची खिचडी, वरून दही, बाजूला राजगिऱ्याचे लाडू, दोन केळी, आणि "उपासाचं पोट लवकर रिकामं होते" म्हणून खिशात शेंगदाण्याची चिक्की. बाहेर आलो तर मामाजी मिरचीचे भजे घेऊन उभे.

"हे माझे नव्हेत ना?"

"तुमचेच. उपास सुटला असन न आता."

दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि कपाशी, मधूनच तुरीचे तास, वरून भुरभुर पाऊस. निसर्गाकडे बघत चालावं म्हटलं तर एका पोराने खुर्चीत बसवून माझे पाय तेलाने चोळायला घेतले. मी जेमतेम पाच किलोमीटर चाललेला. शेजारच्या खुर्चीत पंढरपूरहून आलेले एक आजोबा, टाचांना भेगा, पोटऱ्या लाकडासारख्या. ते "राहू दे रे बाबू" म्हणत होते आणि माझ्या तोंडून मात्र "जरा डावीकडे" निघून गेलं. पाय मोकळे झाले. पोट होतं तसंच.

आणखी पुढे, मोठ्या मंडपांची रांग संपल्यावर, एका घरापुढे एक आजी स्टुलावर बसली होती. पुढ्यात एक पातेलं चहा आणि चार-पाच कपबश्या. मंडप नाही, बॅनर नाही, भोंगा नाही. लोक तिच्यावरून सरळ पुढे चालले होते. मीही रस्त्याच्या पलीकडच्या कडेला सरकलो.

"माहा चहा तं कोनीच घेऊन नाई रायलं," ती कुणाला उद्देशून नाही, नुसतीच म्हणाली. "सगळे तिकडंच पिऊन येते."

रस्ता ओलांडला. चहा गोडमिट्ट, आल्याचा, दूध घरचं. पहिला कप संपायच्या आत तिने दुसरा ओतला आणि विचारलं, "गाव कोनतं?" मामाजींनी तोंड उघडलं. मी त्यांच्या आधी "खामगाव" म्हणालो. तर म्हणे, "मंग तं आपल्याच इकडचे! घ्या अजून अर्धा."

शेगाव जवळ आलं तेव्हा कळस दिसायच्या आधी कचोरीचा वास आला. माझ्या बायकोची आत्या तिथे राहते आणि तिने सकाळीच डझनभर आणून ठेवल्याचा फोन मामाजींना येऊन गेला होता. मी थेट आरोग्य शिबिराच्या तंबूत शिरलो. डॉक्टर तरुण, हसतमुख. पोट तडस लागल्यासारखं झालंय म्हटलं. त्यांनी नाडी बघितली, पोटावर दोन बोटं वाजवली आणि पाकिटातून एक गोळी काढली.

"ही घ्या, बरं वाटन. पन रिकाम्या पोटी नका घेऊ."

आणि टेबलाखालच्या टोपलीतून त्यांनी एक केळं काढून माझ्यापुढे धरलं. मामाजींनी ते मधल्या मध्ये घेतलं, सोललं आणि डॉक्टरांना म्हणाले, "आमचे जवाई हायेत. अजून एक द्या."