मेंटॉरिंगला भक्कम पाठबळ कसं द्यावं

तुमच्या विद्यापीठात नव्या प्राध्यापकांसाठी मेंटॉर, म्हणजे वाट दाखवणारा अनुभवी सहकारी, देण्याची योजना सुरू करायची आहे? अभिनंदन. आधी एक कक्ष स्थापन करा. कक्षाला समन्वयक, समन्वयकाला सहसमन्वयक. मेंटॉरचं नंतर बघू.

जोड्या अकारविल्हे लावा. विषय, स्वभाव असल्या भानगडीत पडू नका. शक्यतो विभागप्रमुखांनाच मेंटॉर नेमा. ज्यांच्या हाती गोपनीय अहवाल, त्यांच्यासमोर नवा माणूस 'सर, मला वर्ग सांभाळता येत नाही' हे अगदी मोकळेपणानं बोलेल!

मेंटॉरचा कार्यभार कमी करू नका. सेवाभाव मरतो.

कॅथी क्रॅम या अभ्यासिकेनं 1980 च्या दशकात मेंटॉरची दोन कामं सांगितली: नोकरीत पुढची वाट दाखवणं आणि मनाला आधार देणं. आपण तिसरं शोधलंय, नोंदवही. तारीख, वेळ, चर्चेचे मुद्दे, 'फलनिष्पत्ती', दोघांच्या सह्या, ठिकाण नोंदवलेला जिओ-टॅग फोटो. मीही एक मेंटॉर. परवा माझी नोंद परत आली. शेरा: 'चर्चेचा तपशील अपुरा.' मी लिहिलं होतं, 'वैयक्तिक अडचणींवर बोललो.' कक्षाला अडचण कोणती ते हवं होतं. रकान्यात! नव्या माणसाला कुणालाच नको असलेले विषय देता, प्रवेशाचं काम त्याच्याच गळ्यात मारता, उद्याचं व्याख्यान तो रात्री जागून तयार करतो, शोधनिबंध तसाच पडून. असा माणूस समोर बसून बोलता बोलता गप्प झाला, तर ते काय म्हणून भरायचं? 'फलनिष्पत्ती: पाणी दिलं'? आणि तो कागद फिरत फिरत कुणाच्या टेबलावर जाणार, हे मला माहीत आहे तसं तुम्हालाही माहीत आहे. नाही भरलं मी. स्मरणपत्र आलं. ठळक अक्षरांत, प्रत माहितीसाठी वरपर्यंत.

प्रमाणपत्रं मात्र वेळेवर वाटा.

जाऊ द्या, सरळच बोलतो. बंद करा ती नोंदवही. भेट झाली की नाही एवढंच विचारा, काय बोललात ते विचारू नका. मेंटॉरचे तास कार्यभारात धरा. जोडी जमत नसेल तर कारण न मागता बदलून द्या. ज्याच्या शेऱ्यावर बढती अवलंबून आहे, त्याला मेंटॉर करू नका, इतकी साधी गोष्ट कळायला तुम्हाला समिती लागते? नव्या माणसावर पहिल्या वर्षी समित्या लादता, तो राजीनामा देतो, मग 'चांगली माणसं टिकत नाहीत' म्हणून परिसंवाद भरवता. त्याचेही फोटो काढता. लाज कशी वाटत नाही हो?