खडीवर गाडी ‘ढिली’ करण्याच्या सल्ल्याविषयी

पावसाळा ओसरला की नाशिकहून वैतरणेच्या जलाशयाकडे, पहिने-घोटीच्या बाजूला किंवा पेठच्या डोंगराळ भागात ॲडव्हेंचर मोटारसायकली घेऊन जाणाऱ्यांची संख्या वाढते, आणि त्याच सुमारास एक संदेश मोबाईलवरून मोबाईलवर फिरू लागतो. त्याचा सारांश असा: कच्च्या रस्त्याला लागण्यापूर्वी दोन्ही टायरांतील हवा १५ पीएसआयवर आणावी, मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा प्रीलोड (रिंग फिरवून स्प्रिंग आधीच दाबून ठेवलेली असते तो दाब) पूर्ण सोडावा, म्हणजे सस्पेन्शन मऊ होते, सतत उभे राहून गाडी चालवावी, कारण वजन फूटपेगवर, म्हणजे पाय टेकण्याच्या दांड्यांवर, गेल्याने गुरुत्वमध्य खाली येतो, मोकळा सायलेन्सर बसवावा, म्हणजे चढावर ताकद मिळते, आणि एबीएस (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद करून पुढच्या ब्रेकला अजिबात हात लावू नये. यंदा हा संदेश मला चार वेगवेगळ्या ओळखीच्या माणसांकडून आला. त्यांतील दोघांनी नुकतीच पहिली मोठी गाडी घेतली आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

हवेपासून सुरुवात करतो. हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीला अधिक लागतो आणि मऊ जमिनीत रुतत नाही, हे खरे आहे. पण १५ पीएसआय हा आकडा वाळूतला आहे. वाळवंटातील रॅलीच्या गाड्यांमध्ये पुष्कळदा टायरच्या आत हवेऐवजी फोमची कडी असते, किंवा टायर रिमवर सरकू नये म्हणून रिमलॉक बसवलेले असतात. आपल्याकडील बहुतेक गाड्यांना तारांची चाके आणि आत साधी ट्यूब असते, आणि आपली जमीन वाळूची नाही. नाशिकचा सगळा परिसर काळ्या बेसॉल्टचा आहे. तो कुजून झालेला मुरूम टायरखाली दबतो, पण त्याच दगडाची क्रशरमधून आलेली खडी कडांनी धारदार असते आणि ती दबत नाही. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीमुळे शहराभोवतीच्या अनेक रस्त्यांची कामे निघाली आहेत, त्यामुळे अशी सुटी खडी आता जंगलातल्या वाटेपेक्षा हमरस्त्याच्या कडेलाच जास्त भेटते.

तीन वर्षांपूर्वी मीही असाच सल्ला मानून, गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याच्या निम्म्यावर हवा आणून वैतरणेच्या बाजूला गेलो होतो. एका मोरीच्या कडेवर पुढचे चाक आपटले आणि पन्नास पावलांवर हँडल जड झाले. पंक्चरवाल्या काकांनी ट्यूब पाण्याच्या टोपलीत धरली, तेव्हा बुडबुड्यांच्या दोन सरी शेजारी-शेजारी उठल्या. ते म्हणाले, “खिळा नाही लागलेला. रिम आणि दगडाच्या मधे ट्यूब चावली गेली.” दोन छिद्रांमध्ये जेमतेम बोटभर अंतर होते, आणि रिमची कड त्याच जागी आत वळलेली होती. हवा फारच कमी असेल तर आणखी एक गोष्ट घडते: जोरात वेग वाढवताना किंवा ब्रेक लावताना टायर रिमवर सरकतो, ट्यूबलाही ओढून नेतो आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. असे फाटलेले ठिगळाने जुळत नाही. लांबचा मुरूम किंवा चिखल असेल तर पुस्तिकेतील आकड्याहून चार ते सहा पीएसआय कमी करणे मला पुरेसे वाटते, तेही सकाळी थंड टायरवर मोजून. परत डांबरावर येताच हवा भरलीच पाहिजे, कारण कमी हवेचा टायर वेगात सतत चुरगळतो आणि तापतो. सोबत मापक आणि छोटा पंप नसेल तर हवा कमी करूच नये.

प्रीलोडचा मुद्दा सर्वांत जास्त गैरसमजाचा आहे आणि तो गॅरेजमध्येही सर्रास ऐकू येतो, म्हणून येथे थोडे थांबतो. शॉकॲब्सॉर्बरवरची रिंग आवळली की स्प्रिंग ‘कडक’ होते आणि सोडली की ‘मऊ’ होते, असे मानले जाते. सरळ वेटोळ्यांच्या स्प्रिंगच्या बाबतीत हे चूक आहे. समजा, एखादी स्प्रिंग दर १० किलो वजनाला १ सेंटिमीटर दबते. तिच्यावर ६० किलो ठेवले तर ती ६ सेंटिमीटर दबेल. आता रिंग आवळून ती आधीच १ सेंटिमीटर दाबून ठेवली, तर पहिले १० किलो ती हलणारच नाही आणि ६० किलोला गाडी ५ सेंटिमीटरच खाली बसेल. पण त्यापुढचा प्रत्येक सेंटिमीटर दाबायला तेव्हाही १० किलोच लागतील. म्हणजे रिंगेने स्प्रिंगचा स्वभाव बदलत नाही. गाडी किती उंचीवर बसते, एवढेच बदलते. धक्का बसल्यावर ती किती वेगाने दबेल आणि किती वेगाने उसळेल, हे आतील तेल आणि त्याच्या वाटेतील झडपा ठरवतात, आणि ज्या गाडीला त्यांचे वेगळे स्क्रू नाहीत त्या गाडीत रिंग फिरवून ते साधत नाही.

मग प्रीलोड पूर्ण सोडल्यावर रस्ता मऊ का वाटतो? गाडी आधीच खाली बसलेली असते आणि बारीक खड्ड्यांवर ती सहज हलते, म्हणून. पण सस्पेन्शनच्या एकूण प्रवासातला मोठा हिस्सा मागचे टोक बसण्यातच खर्च झालेला असतो. मोठा दगड आला की उरलेला प्रवास लगेच संपतो आणि शॉक तळाला आपटतो. इंजिनखालचे अंतर कमी होते. मागचे टोक खाली गेल्याने पुढच्या फोर्कचा कोन पसरट होतो, पुढच्या चाकावरचा भार घटतो, आणि खडीत वळताना ‘पुढचे चाक ऐकत नाही’ अशी जी तक्रार असते ती इथून येते.

हे सगळे मोजता येते आणि त्याला दहा मिनिटे लागतात. माझ्या रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ च्या मागच्या सस्पेन्शनचा प्रवास १८० मिलिमीटर आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलाला मोजपट्टी धरायला लावली, सीटखालच्या पॅनेलवर चिकटपट्टीची खूण केली, आणि मागचे चाक अधांतरी असताना आसापासून त्या खुणेपर्यंतचे अंतर घेतले. मग हेल्मेट, बूट, पाठपिशवी असा पूर्ण जामानिमा करून गाडीवर बसलो, शेजाऱ्यांनी पुढून हँडल धरले आणि पुन्हा माप घेतले. फरक ७५ मिलिमीटर आला, म्हणजे प्रवासाच्या चाळीस टक्क्यांहूनही जास्त. साधारण तिसरा हिस्सा बसणे योग्य मानले जाते. पान्याने रिंग आवळत, दर वेळी पुन्हा बसून मोजत, ५८ मिलिमीटरवर आणले. त्यानंतरच्या रविवारी पेठ रस्त्याच्या सावळघाटातील त्याच तुटक्या वळणांवर गाडी पूर्वीपेक्षा नेमकी वळली आणि तळाचा तो ठोका ऐकू आला नाही. कच्च्या वाटेसाठी मला प्रीलोड सोडावा लागला नाही, आवळावा लागला. ज्याचे वजन ५५ किलो आहे त्याला कदाचित सोडावाही लागेल. ते त्याच्या मापावर ठरेल, कोणाच्या संदेशावर नाही.

उभे राहून चालवण्याचा सल्ला योग्य आहे, त्याचे दिलेले कारण मात्र खोटे आहे. वजन फूटपेगवर टेकते याचा अर्थ वस्तुमान तिथे गेले असा होत नाही. १९९ किलोच्या गाडीवर ७० किलोचा माणूस उभा राहिला आणि त्याच्या शरीराचा मध्य २५ सेंटिमीटर वर गेला, तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य सुमारे साडेसहा सेंटिमीटर वरच जातो. तरीही उभे राहिल्याने गाडी सुधारते, कारण गुडघे आणि घोटे वाकून धक्का पचवतात, गाडी माणसाला न हलवता पायांखाली डावी-उजवी हलू शकते, पायाच्या दाबाने ती कलवता येते आणि पुढचा रस्ता लांबवर दिसतो. कारण चुकीचे असले की कृतीही चुकते: गुरुत्वमध्य खाली आला असे समजून गुडघे ताठ आणि हात हँडलवर घट्ट ठेवून उभे राहणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांची गाडी बसून चालवणाऱ्यापेक्षा जास्त डगमगते. हँडल अंडे धरल्यासारखे धरावे आणि टाकी गुडघ्यांत असावी. सपाट, ओळखीच्या मुरमावर सतत उभे राहण्याची गरजही नाही. दमलेले पाय उपयोगाचे नसतात.

सायलेन्सरविषयी थोडक्यात. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे मानक) गाड्यांत धुरातील ऑक्सिजन मोजणारा सेन्सर पाहून संगणक इंधन ठरवतो. नुसता सायलेन्सर बदलल्याने चढावर लागणारी इंजिनच्या कमी फेऱ्यांवरची ताकद वाढत नाही, बहुधा कमीच होते, आणि त्यासोबत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणे कायद्यालाही धरून नाही. चढासाठी खरोखर ओढ हवी असेल तर पुढच्या स्प्रॉकेटचा (चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्राचा) एक दात कमी करावा. १५ ऐवजी १४ दात घेतले तर मागच्या चाकावरची ओढ सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्याची किंमत हायवेवर त्याच वेगाला तेवढ्याच जास्त फेऱ्यांच्या रूपाने द्यावी लागते.

पुढच्या ब्रेकला हात लावू नये, हे वाक्य जिवावर बेतणारे आहे. खडीत पुढचे चाक लॉक झाले की गाडी क्षणात जाते, हा अनुभव खरा आहे आणि भीतीही खरी आहे. पण हिशेब पाहा. खडीवर टायरची पकड (घर्षणगुणांक) ०.४ धरली, चाकांमधले अंतर १४६५ मिलिमीटर आणि माणसासह गुरुत्वमध्य सुमारे ६५० मिलिमीटर उंच धरला, तर दोन्ही ब्रेक नीट लावल्यावर भार पुढे सरकून त्याचा जवळजवळ दोन-तृतीयांश हिस्सा पुढच्या चाकावर येतो. थांबवण्याची बहुतेक क्षमता खडीवरही तिथेच असते. ताशी ४० किलोमीटरवरून दोन्ही ब्रेकने थांबायला सुमारे १६ मीटर लागतात. फक्त मागच्या ब्रेकने ३७ मीटर. घाटातल्या वळणावर समोरून जीप आली तर ही २१ मीटर कोणाकडेही शिल्लक नसतात.

एबीएसचेही तसेच आहे. मागचे एबीएस बंद करण्याची सोय कंपन्या मुद्दाम देतात, कारण सुट्या उतारावर एबीएस वारंवार ब्रेक सोडते आणि गाडी थांबत नाही, तर मागचे चाक थोडे घसरले तरी सांभाळता येते. पुढच्या चाकाचे एबीएस मात्र चालू राहावे, आणि लीव्हर एका बोटाने, आधी हलका दाब देऊन, भार पुढे आला की वाढवत दाबावा. त्र्यंबकच्या पुढे एखाद्या रिकाम्या, सपाट मुरमाच्या मैदानात ताशी २० किलोमीटरवर असे दहा-पंधरा वेळा करून पाहिले, तर बोटाला ती मर्यादा कळू लागते.

ज्यांनी हा संदेश पुढे पाठवला आहे, त्यांनी ज्यांना पाठवला त्यांना निदान ब्रेकची ती एक ओळ चुकीची असल्याचे आजच कळवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बाकीच्या चुकांनी ट्यूब फाटेल किंवा रिम वाकेल, आणि ते पंक्चरच्या दुकानात निभावते.