काळच तसा होता?

भाची अकरावीला आहे. परवा इतिहास वाचता वाचता तिने विचारलं, "मामा, ‘सगळी माणसं समान जन्माला येतात’ असं लिहिणाऱ्या जेफरसनकडेच गुलाम होते?" मी तोंड उघडायच्या आत हॉलमधून आवाज आला, "अगं, काळच तसा होता." तिच्यापुरता विषय संपला. माझ्या डोक्यातून काही जाईना, म्हणून लिहितोय. पोस्ट जरा लांब आहे.

१७७६ चा उन्हाळा, फिलाडेल्फिया. ३३ वर्षांचा थॉमस जेफरसन भाड्याच्या खोलीत बसून अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहितोय. जीवन, स्वातंत्र्य आणि सुखाचा शोध हे हक्क कुणी दिलेले नाहीत, ते जन्मतःच मिळतात आणि कुणाला काढून घेता येत नाहीत. त्याच्या दिमतीला व्हर्जिनियाहून आणलेला १४ वर्षांचा रॉबर्ट हेमिंग्ज आहे. तो जेफरसनचा गुलाम. आयुष्यभरात जेफरसनच्या मालकीची अशी ६०० वर माणसं होती.

हा गोंधळ त्याच्यापासूनच सुरू झाला असंही नाही. नैसर्गिक हक्कांचा विचार ज्याच्या नावाने ओळखला जातो, त्या जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाचे पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत होते. गुलामगिरी ही माणसाची किती नीच अवस्था, हेही त्यानेच लिहिलं.

आता ‘काळा’कडे येतो. त्याच काळात अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्समधल्या शेफील्ड गावात जॉन अॅश्ले नावाच्या बड्या जमीनदाराच्या घरी बेट नावाची एक गुलाम बाई राबत होती. १७७३ मध्ये त्याच घरात गावातली मोठी माणसं जमली आणि त्यांनी इंग्लंडच्या जुलमाविरुद्ध ठराव केला, की माणसं निसर्गतः समान आणि स्वतंत्र आहेत. बेटला लिहिता-वाचता येत नव्हतं. कान मात्र होते.

घरची मालकीण तापट. एकदा तिने चुलीतलं लाल तापलेलं फावडं दुसऱ्या एका मुलीवर उगारलं. बेट मध्ये पडली आणि तो घाव तिच्या दंडावर बसला, हाडापर्यंत. ती जखम तिने झाकली नाही. मालकिणीसमोर कुणी विचारलं, "बेट, हाताला काय झालं गं?" तर ती म्हणायची, "बाईसाहेबांनाच विचारा." हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो होतो.

१७८० मध्ये मॅसॅच्युसेट्सची घटना आली. पहिल्याच कलमात लिहिलं होतं, सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत. बेट सरळ थिओडोर सेजविक या वकिलाकडे गेली. मी मुकं जनावर नाही, मग हा कायदा मला का लागू नाही, एवढंच तिचं म्हणणं. १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या कोर्टात ज्युरीने तिला आणि ब्रॉम या दुसऱ्या गुलामाला मुक्त केलं, वर अॅश्लेला ३० शिलिंग भरपाई द्यायला लावली. तिने स्वतःसाठी नाव घेतलं, एलिझाबेथ फ्रीमन. दोन वर्षांत त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही गुलामगिरी घटनेत बसत नाही असं सांगितलं.

मग काळ कसा होता? जे वाक्य एका निरक्षर बाईला ऐकून कळलं, ते लिहिणाऱ्याला कळलं नसेल? जेफरसनला नक्की कळत होतं. मूळ मसुद्यात गुलामांच्या व्यापारावर त्याने चांगला सणसणीत परिच्छेद लिहिला होता, तो काँग्रेसने, म्हणजे तिथल्या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, गाळला. १७९१ मध्ये बेंजामिन बॅनेकर या स्वतंत्र कृष्णवर्णीय गणितज्ञाने त्याला पत्र लिहून त्याचीच वाक्यं त्याच्यापुढे ठेवली. उत्तर आलं, अगदी सौजन्याचं. जेफरसनच्या मळ्यावर, मॉन्टिसेलोला, काम पूर्वीसारखंच चालू राहिलं.

दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात, म्हणजे ती सगळी ढोंगी माणसं, त्यांचे हक्कबिक्क फेकून द्या. हेही मला पटत नाही. आपल्या जोतीराव फुल्यांनी तरुणपणी थॉमस पेनचं माणसाच्या हक्कांवरचं ‘राइट्स ऑफ मॅन’ हे पुस्तक वाचलं आणि त्यातला शब्द न् शब्द खरा धरला. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. तो विचार कुणाच्या मालकीचा नाही, हे पुण्यात बसून त्यांना दिसलं होतं. ‘काळच तसा’ म्हणणारे तर त्यांच्याही अवतीभवती रग्गड होते.

रात्री भाचीला बेटची गोष्ट सांगितली. मग जोसेफ फॉसेटचीही. जेफरसन वारला १८२६ मध्ये, जाहीरनाम्याला बरोबर ५० वर्षं झाली त्या ४ जुलैला. मृत्युपत्रात त्याने पाच जणांना मुक्ती दिली होती, त्यातला एक फॉसेट, मॉन्टिसेलोचा लोहार. पुढच्या जानेवारीत कर्ज फेडायला तिथल्या १३० माणसांचा लिलाव पुकारला. फॉसेटची बायको एडिथ आणि त्यांची मुलं त्यात वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विकली गेली. पुढची दहा वर्षं तो त्यांना सोडवत होता.

ती म्हणाली, "सगळी सुटली?"

सगळी नाही सुटली.